सोनं होण्याआधीचे वीस तास

जालन्याहून मंठ्याकडे निघालं की वाटूर फाटा लागतो. इथून एक रस्ता परतूरकडे फुटतो, दुसरा मंठा-जिंतूर करत औंढा नागनाथला पोचतो. बाहेरगावचा माणूस आजवर या रस्त्याने जायचा तो बहुधा ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला. आता औंढ्याच्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या, काटकोनात जोडलेल्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी आणि लेसरचा झोत, असं तिचं रूप असेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली आणि ११ मे रोजी पायाभरणी झाली. अशा लहरी पाठवणाऱ्यांपैकी बातम्यांमध्ये कृष्णविवरांचं नाव गाजलं. मला मात्र न्यूट्रॉन ताऱ्यांची बाजू जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिचा धागा थेट परतूरच्या सराफ्यापर्यंत येतो.

कापसाचे, सोयाबीनचे पैसे हाती आले की घरात पहिला विषय निघतो तो सोन्याचा. दहा ग्रॅम सोन्यात अणू असतात तीनावर बावीस शून्यं इतके. त्यातल्या प्रत्येकाच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन, एकूण १९७ कण. सोन्याचा टिकाऊ प्रकार एवढा एकच. तो जन्मतः असा नसतो. आधी त्याच १९७ कणांत न्यूट्रॉन कितीतरी जास्त आणि प्रोटॉन कमी असतात. मग एकेक न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये बदलत जातो आणि केंद्रक मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकेक घर पुढे सरकतं. शेवटची घरं अशी: ऑस्मियम, जे सुमारे तीन मिनिटांत निम्मं उरतं, मग इरिडियम, सहा मिनिटांच्या आत निम्मं, मग प्लॅटिनम, जवळपास वीस तासांत निम्मं, आणि मग सोनं. म्हणजे आईच्या पाटल्यांतला प्रत्येक अणू सोनं होण्याआधी प्लॅटिनम होता. सराफाच्या दृष्टीने हा व्यवहार कसा, ते त्याच्याकडूनच ऐकावं.

मिठाच्या पुडीतलं आयोडीनही बहुतांशी असंच आलेलं आहे. त्याच्या १२७ कणांच्या साखळीत कथिल, मग अँटिमनी, मग टेल्युरियम अशी घरं लागतात. आपल्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी चालते ती या साखळीच्या शेवटच्या टोकावर.

या साखळ्यांमध्ये घडतं ते असं. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या ऊर्जेच्या पातळ्या वेगवेगळ्या भरत जातात. न्यूट्रॉन फार झाले की नव्या न्यूट्रॉनला वरच्या, महागड्या पातळीवर बसावं लागतं आणि प्रोटॉनच्या बाजूला खालच्या जागा रिकाम्या राहतात. अशा वेळी एक न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये बदलतो. इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो बाहेर फेकले जातात. हा बीटा ऱ्हास. एकट्या, मोकळ्या न्यूट्रॉनचं अर्धायुष्य दहा मिनिटांहून थोडं जास्त आहे. सोन्याच्या केंद्रकातला न्यूट्रॉन मात्र अब्जावधी वर्षं जागचा हलत नाही, कारण बदलून जायला त्याला फायद्याची जागाच उरलेली नसते. न्यूट्रॉन टिकाऊ की नाशवंत, हे तो कोणासोबत राहतो यावर ठरतं.

ऱ्हास किती लवकर होईल हे सुटणाऱ्या ऊर्जेवर फार तीव्रपणे अवलंबून असतं, ढोबळमानाने तिच्या पाचव्या घातावर. ऊर्जा दुप्पट झाली तर वेग तीसेक पटींनी वाढतो. म्हणूनच टिकाऊ केंद्रकांपासून जितकं दूर जावं तितकी अर्धायुष्यं दिवसांवरून तासांवर, मिनिटांवर आणि शेवटी सेकंदाच्या हजाराव्या भागांवर उतरतात.

अर्धायुष्य हा शब्द फसवा आहे. ज्वारीच्या लाह्या फोडताना कोणता दाणा कधी फुटेल हे सांगता येत नाही, पण निम्मे दाणे किती वेळात फुटतील याचा अंदाज बांधता येतो. इथवर जमतं. पण कढईतला दाणा तापत जातो, फुटण्याच्या जवळ येत जातो; केंद्रक तसं जवळ येत नाही. काल जन्मलेलं आणि हजार वर्षांपूर्वी जन्मलेलं एकाच जातीचं केंद्रक पुढच्या क्षणी फुटण्याची शक्यता अगदी सारखीच. त्याला वय नसतं. वय नसलेल्या गोष्टीचं आयुष्य मोजायचं, तर असंख्य केंद्रकं गोळा करून मोजत बसणं हाच मार्ग.

महाराष्ट्रात न्यूट्रॉनबहुल केंद्रकं रोज, अखंड तयार होतात ती पालघर जिल्ह्यात तारापूरला आणि मुंबईत तुर्भ्याच्या किनाऱ्यावर. युरेनियमच्या जड केंद्रकात प्रोटॉनांच्या मानाने न्यूट्रॉन खूप असतात. ते दुभंगलं की दोन्ही तुकड्यांच्या वाट्याला त्यांच्या आकाराला न झेपणारे न्यूट्रॉन येतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ संशोधन अणुभट्ट्यांवर या तुकड्यांमधून निघणारे गॅमा किरण मोजून त्यांची अंतर्रचना अभ्यासत आले आहेत. पण तारापूरच्या अणुभट्टीला या तुकड्यांची गरज अभ्यासासाठी नाही, जगण्यासाठी आहे. आणि ही गोष्ट लोकांना फारशी सांगितली जात नाही.

अणुभट्टीत एक न्यूट्रॉन एक केंद्रक फोडतो, त्यातून दोन-तीन न्यूट्रॉन निघतात, त्यातला सरासरी एकच पुढचं केंद्रक फोडील असा तोल सांभाळायचा असतो. समजा तोल जरासा ढळला आणि हजाराच्या जागी हजार एक न्यूट्रॉन झाले. एक पिढी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात संपते असं धरलं, तर एका सेकंदात ही वाढ वीस हजार पटींच्या पुढे जाईल. कोणताही माणूस, कोणताही नियंत्रक दांडा एवढ्या लवकर हलणार नाही. मग १९६९ पासून तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या चालल्या कशा?

उत्तर १९३९ मध्येच सापडलं होतं. युरेनियम फुटल्यावर सगळे न्यूट्रॉन लगेच बाहेर पडत नाहीत. हजारातले सहा-सात जण उशिरा येतात. ते येतात तुकड्यांच्या ऱ्हासातून. ब्रोमीन-८७ हे असंच एक केंद्रक, अर्धायुष्य ५५ सेकंदांच्या आसपास. बीटा ऱ्हासानंतर त्याचं क्रिप्टॉन होतं आणि कधीकधी त्या क्रिप्टॉनमध्ये इतकी ऊर्जा उरते की एक न्यूट्रॉनच उडून जातो. तोल बरोबर या उशिरा येणाऱ्या मूठभर न्यूट्रॉनांवर राखला की वर सांगितलेली वाढ मिनिटाच्या हिशोबाने होते आणि दांडे खाली-वर करायला पुरेसा अवधी मिळतो. जगातली प्रत्येक अणुभट्टी या उसन्या वेळावर चालते. हे तुकडे जर झटपट संपणारे असते, तर अणुबॉम्ब शक्य होता पण अणुवीज अशक्यप्राय होती, असं म्हणायला हरकत नाही.

त्याची दुसरी बाजूही आहे. भट्टी बंद केली तरी तुकड्यांचा ऱ्हास बंद होत नाही. बंद केल्याक्षणी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत राहते. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात भट्ट्या भूकंपाबरोबर व्यवस्थित बंद झाल्या होत्या. गाभा वितळला तो त्सुनामीने पंप बंद पाडल्यावर, याच उरलेल्या उष्णतेने.

आता परत सोन्याकडे. ताऱ्यांच्या पोटात हलकी मूलद्रव्यं जुळून जड होतात, पण लोखंडाच्या आसपास हा मार्ग संपतो. पुढची जड मूलद्रव्यं न्यूट्रॉन गिळत बनतात, आणि गिळण्याच्या दोन तऱ्हा आहेत हे १९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉईल यांच्या प्रसिद्ध निबंधात मांडलं गेलं. हॉईल म्हणजे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. एक तऱ्हा संथ: न्यूट्रॉन गिळायचा, ऱ्हासासाठी थांबायचं, मग पुढचा गिळायचा. दुसरी शीघ्र: ऱ्हासाला सवडच न देता न्यूट्रॉनामागून न्यूट्रॉन गिळत जायचं. शीघ्र तऱ्हेसाठी न्यूट्रॉनांची गर्दी अफाट लागते. अशा गर्दीत काही सेकंदांत केंद्रकं न्यूट्रॉनांनी फुगतात आणि गर्दी ओसरली की ती साखळ्यांनी घरंगळत टिकाऊ जागी येतात. सोनं, प्लॅटिनम, युरेनियम यांचा बहुतेक साठा असा आला.

या धावपळीतही थांबे असतात. ५०, ८२, १२६ या न्यूट्रॉनसंख्यांना केंद्रकातली एक कक्षा पूर्ण भरते आणि पुढचा न्यूट्रॉन घ्यायला केंद्रक कुरकुरतं. मारिया गोपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये या 'जादुई' संख्यांचा उलगडा केला आणि त्यांना १९६३ मध्ये नोबेल मिळालं. थांब्यावर केंद्रकाला बीटा ऱ्हास होईपर्यंत खोळंबावं लागतं. जिथे खोळंबा मोठा, तिथे माल जास्त साचणार. म्हणूनच विश्वात सोनं-प्लॅटिनमच्या आसपास एक उंचवटा दिसतो, टेल्युरियमच्या आसपास दुसरा. कोणतं मूलद्रव्य किती, या प्रश्नाचं उत्तर अशा रीतीने काही मिलिसेकंद जगणाऱ्या, पृथ्वीवर नैसर्गिकरीत्या कुठेही नसलेल्या केंद्रकांच्या अर्धायुष्यात दडलेलं आहे.

ती मोजायची कशी? जपानमध्ये टोकियोजवळच्या रिकेन प्रयोगशाळेत युरेनियमची केंद्रकं प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे सत्तर टक्के वेगाने बेरिलियमच्या पत्र्यावर आदळवतात. उडणाऱ्या ठिकऱ्यांत शेकडो जाती असतात. चुंबकांच्या लांब रांगेतून जाताना प्रत्येक ठिकरी किती वळली, किती वेळात पोचली, वाटेतल्या पदार्थात किती ऊर्जा गमावली, या तीन गोष्टींवरून ती कोण हे एकेकटं ओळखलं जातं. शेवटी ती सिलिकॉनच्या पातळ चकतीत रुतून बसते. चकतीवर आडव्या-उभ्या पट्ट्यांची चौकट आखलेली असते. कोणत्या चौकोनात कोण, किती वाजता रुतलं याची नोंद होते. थोड्या वेळाने त्याच चौकोनातून इलेक्ट्रॉन निघाला की ते केंद्रक गेलं. दोन नोंदींतलं अंतर लिहून घ्यायचं. हजारो वेळा. भोवती जर्मेनियमचे शोधक गॅमा किरण पकडायला, आणि उशिरा निघणारे न्यूट्रॉन पकडायला प्लास्टिकच्या ठोकळ्यात बसवलेल्या हीलियम-३ च्या नळ्या. तारापूरच्या गाभ्यातला ब्रोमीन आणि इथली ठिकरी यांना मोजायची रीत शेवटी एकच: थांबायचं आणि नोंदवायचं.

या कामाचं मोल कळायला कॅडमियम-१३० चं उदाहरण पुरे. ४८ प्रोटॉन, ८२ न्यूट्रॉन. म्हणजे नेमका थांब्यावरचा गडी. युरोपातल्या सर्नमधल्या मोजणीवरून त्याचं अर्धायुष्य १६२ मिलिसेकंद धरलं जात होतं. शेजारची बरीच केंद्रकं मोजणं जमत नव्हतं, म्हणून त्यांची अर्धायुष्यं गणिताने काढायची आणि गणितातला एक गुणक या कॅडमियमच्या आकड्यावर बसवायचा, अशी पद्धत होती. २०१५ मध्ये रिकेनच्या गटाने ११० न्यूट्रॉनबहुल केंद्रकांची अर्धायुष्यं एका दमात प्रसिद्ध केली. त्यातली चाळीस आधी कधीच मोजलेली नव्हती. त्यात कॅडमियम-१३० निघालं १२७ मिलिसेकंदांचं. पुढच्या वर्षी कॅनडातल्या ट्रायम्फ प्रयोगशाळेने वेगळ्या रीतीने मोजलं: १२६. पस्तीस मिलिसेकंदांचा फरक कानामागे टाकण्यासारखा वाटेल, पण त्या एका आकड्यावर बसवलेल्या सगळ्या शेजाऱ्यांची आयुष्यंही त्यामुळे लांबवलेली ठरली. तारा फुटण्याच्या संगणकीय गणितांत धावपळ खरी होती त्याहून रेंगाळलेली दाखवली जात होती.

कॅडमियम-१३० ची साखळी इंडियम, कथिल, अँटिमनी असं करत टेल्युरियमवर येते. मार्च २०२३ मध्ये एक मोठा गॅमा किरणांचा स्फोट दिसला आणि जेम्स वेब दुर्बिणीने त्याच्या मागे उरलेल्या उजेडात टेल्युरियमची खूण टिपली. जपानच्या तळघरात मोजलेली साखळी आकाशात संपताना दिसली, असं म्हणण्याचा मोह होतो. पण त्या खुणेचा अर्थ लावणं सोपं नाही आणि शास्त्रज्ञ सावधपणे बोलतात ते बरोबरच आहे.

हा उजेड येतो कुठून? एकमेकांभोवती फिरणारे दोन न्यूट्रॉन तारे आदळले तर न्यूट्रॉनांची ती अफाट गर्दी मिळेल, ही कल्पना १९७० च्या दशकापासून होती. बाहेर फेकलेला मलबा ऱ्हासाच्या उष्णतेने चमकेल, हे १९९८ मध्ये ली-शिन ली आणि बोहदान पाचिन्स्की यांनी सुचवलं. २००५ मध्ये श्रीनिवास कुलकर्णी यांनी एक वेगळा हिशोब मांडला: मलब्यात मोकळे न्यूट्रॉन उरले, तर त्यांच्या ऱ्हासानेच तो किती झळकेल? अशा चमकेला त्यांनी 'मॅक्रोनोव्हा' म्हटलं. कुलकर्णींचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. कॅल्टेकमध्ये त्यांनी सारं आयुष्य आकाशातल्या क्षणभंगुर घटनांच्या मागे काढलं. २०१० मध्ये ब्रायन मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी खऱ्या जड केंद्रकांचे ऱ्हास धरून हिशोब केला आणि 'किलोनोव्हा' हे नाव रूढ झालं.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी हा हिशोब तपासायची वेळ आली. अमेरिकेतल्या दोन लायगो आणि इटलीतल्या विर्गो यंत्रांनी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळताना निघालेल्या लहरी टिपल्या. पावणेदोन सेकंदांनी गॅमा किरण आले. आकाशातला प्रदेश तीसेक चौरस अंशांइतका ठरला आणि अकराएक तासांत चिलीमधल्या दुर्बिणीला तेरा कोटी प्रकाशवर्षं दूरच्या एका दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. पहिल्या दिवशी निळसर, मग आठवडाभरात लालसर आणि मंद. मंद होण्याचा वेग हजारो जातींचे ऱ्हास एकत्र केल्यावर येतो तसाच निघाला. सूर्याच्या सुमारे विसाव्या हिश्श्याएवढं द्रव्य फेकलं गेलं होतं, म्हणजे सोळा-सतरा हजार पृथ्व्यांइतकं. प्लॅटिनमचं सोनं होण्याचे ते वीस तास त्या उजेडात मिसळलेले होते. जुन्नर तालुक्यात खोडदजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही या जागेचा पाठपुरावा केला, अर्थात रेडिओ लहरींचा उगम ऱ्हासात नव्हे, मलब्याच्या धडकेत होता. गुरुत्वीय लहरींचे संकेत गोंगाटातून निवडण्याची गणिती चाळण बसवण्यात पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचं १९९१ पासूनचं काम पायाभूत आहे.

पुढची संधी मात्र हुकली. २५ एप्रिल २०१९ रोजी पुन्हा दोन न्यूट्रॉन तारे आदळले. पण अमेरिकेतल्या दोन लायगोंपैकी हॅनफर्डचं यंत्र तेव्हा बंद होतं, विर्गोतला संकेत क्षीण. शोधायचं आकाश निघालं आठ हजार चौरस अंशांहून अधिक, सगळ्या आकाशाचा पाचवा हिस्सा. उजेड कुणालाच सापडला नाही.

औंढ्याच्या यंत्राचं महत्त्व इथे आहे. जागा ठरते ती लहर कुठे आधी, कुठे नंतर पोचली यावरून, आणि यंत्रं जितकी दूर तितकी ही वजाबाकी नेमकी. अमेरिकेतल्या दोन यंत्रांमध्ये फरक जास्तीत जास्त दहा मिलिसेकंदांचा. हिंगोली जिल्ह्यातलं औंढा आणि त्या दोनांपैकी लुइझियानातलं यंत्र यांच्यात तो तीस मिलिसेकंदांच्या वर जाऊ शकतो. शिवाय एखादं यंत्र बंद असलं तरी काम अडत नाही.

जागा सापडली तरी सोन्याचा हिशोब मिटेल असं नाही. २०१७ च्या उजेडात स्ट्रॉन्शियम ओळखता आलं, सोन्याची रेषा वेगळी काढता आलेली नाही. आणि सोन्याच्या साखळीचा थांबा १२६ न्यूट्रॉनांचा. तिथलं थुलियम-१९५ सारखं केंद्रक अजून कुठल्याही प्रयोगशाळेत तयार झालेलं नाही, कारण प्रत्येक जादा न्यूट्रॉनागणिक उत्पादन अनेक पटींनी घटतं. अमेरिकेत मिशिगन राज्य विद्यापीठात मे २०२२ मध्ये सुरू झालेला नवा कणत्वरक याच भागाकडे सरकतो आहे. त्यातच २०२५ मध्ये अनिरुद्ध पटेल, मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी एक जुनी नोंद उकरून काढली. २७ डिसेंबर २००४ रोजी आपल्याच आकाशगंगेतल्या एका अतिचुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याचा भडका उडाला होता आणि काही मिनिटांनी गॅमा किरणांचा दुसरा, मंद झोत आला होता. त्याचं कारण वीस वर्षं कुणाला जुळवता आलं नव्हतं. ताज्या न्यूट्रॉनबहुल केंद्रकांच्या ऱ्हासाने तो हिशोब जुळतो. तसं असेल तर जड मूलद्रव्यांचा एक ते दहा टक्के वाटा असल्या भडक्यांचा आहे, ताऱ्यांच्या टकरीचा नाही.